एक 'हो' परत मिळण्याबाबत

काकू नदीपलीकडे गेली. यादीतून नाव कमी झालं, होडीत बसवलं, गेली.

असं काही झालेलं नाही. काकू करवतीची कानस आणायला गेली आहे. आमच्या घरात तसं ठरलं आहे. कोणी बसून ठरवलं नाही, पण ठरलं आहे. चौदा महिने झाले. चांगली कानस मिळायला वेळ लागतो. तेव्हा मी पुढचं सगळं काकू घरात आहे असं धरूनच सांगतो. तुम्हीही तसंच धरा, म्हणजे आपलं जमेल.

आम्ही लाकूड कापतो. शहरातल्या यंत्रात न मावणारे जाडजूड ओंडके आमच्याकडे येतात. घरामागे पुरुषभर खोल, लांबट खड्डा आहे. खड्ड्यावर दोन तुळया आडव्या, तुळयांवर ओंडका, ओंडक्यावर काका उभे, खड्ड्यात आप्पा उभे, आणि दोघांच्या मध्ये चार हात लांब करवत. आप्पा माझे वडील, काका त्यांचे थोरले भाऊ. काका करवत वर घेतात, आप्पा खाली ओढतात. लाकूड कापलं जातं ते खाली ओढताना. म्हणजे कापतात आप्पा, रेषा सांभाळतात काका, आणि भुसा पडतो तो सगळा आप्पांच्या डोळ्यांत. मी ओंडके फिरवतो, रंगात भिजवलेल्या दोरीनं रेषा मारतो, आणि बोलतो. बोलण्याचं काम मला कोणी दिलेलं नाही, ते मी आपणहून करतो.

तीस वर्षं आप्पा डोळे मिटून कापतात. खालून काय दिसतं, असं विचारलं की म्हणतात, "दिसत काही नाही. ऐकू येतं."

ऐकू येतं ते 'हो'. काकांनी मूठ घट्ट धरली, नजर रेषेवर बसली, की ते म्हणतात, "हो." आप्पा ओढतात, करवत तळाला आली की खालून म्हणतात, "हो." हात सुटायला लागला, करवत अडकली, तर "नाही." नाही म्हटलं की दुसऱ्यानं जागच्या जागी थांबायचं. आमच्या धंद्यात हो म्हणजे धरलंय आणि नाही म्हणजे सुटतंय. बाकीच्या जगात काय ते जग बघून घेईल, असं आम्हाला वाटायचं.

करवतीचे दात काकू लावायची. लावते. ती पलीकडची. तिचे वडील तिकडे करवती बनवायचे. एक दात डावीकडे झुकवायचा, पुढचा उजवीकडे, मग कानशीनं धार. लहानपणी मी विचारलं होतं, "सगळे एकाच बाजूला झुकवले तर?"

"तर करवत भटकते," ती म्हणाली, "आणि फलीचा चोथा होतो."

तीस वर्षांत तिनं इकडचं सगळं उचललं, फक्त 'ळ' उचलला नाही. फळीला फली, डोळ्याला डोला. आम्ही घरातले त्यावर पोट धरून हसायचो, तीही हसायची. मग बाहेरचे लोक हसायला लागले आणि आमचं हसणं बंद पडलं. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. गेली म्हणजे खरोखर गेली, कानस वगैरे आणायला नाही. मला काकूनं वाढवलं. हे मी मध्येच सांगतोय, कारण पुढे सांगताना लाज वाटेल.

मतदान शाळेत होतं. सगळ्या देशात एकाच दिवशी, एकच प्रश्न. 'नदीपलीकडे जन्मलेल्या रहिवाशांची नावे नागरिकांच्या यादीतून कमी करण्यात यावीत काय?' खाली ठळक मोठ्या अक्षरांचे दोन चौकोन. हो. नाही. काकूलाही मत होतं. तिला काढावं का, यावर तिचंही मत विचारलं होतं, एवढी लोकशाही होती.

काका-काकू पुढे जाऊन मत देऊन आले आणि फाटकापाशी थांबले. आप्पा आणि मी रांगेत. आप्पांना प्रश्नाचं बारीक अक्षर दिसत नाही. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनींना ठेवायचं तर शिक्का कशावर रे?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पण मागे आठ-दहा माणसं होती, ऊन होतं, रांग हलत नव्हती, आणि माझी ख्याती अशी की मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायची तयारी करतात. मी मोठ्यानं म्हणालो, "आप्पा, जन्मभर खड्ड्यातून जे ओरडलात तेच मारा की. दुसरं काही येतं का तुम्हाला?"

रांग हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि मान हलवली, रेषा पटल्यावर हलवतात तशी. त्यांना गंमत कळली असं मला वाटलं, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर मला काहीच वाटलं नाही. मी पुढचा विनोद जुळवत होतो. तो मी आत जाऊन केला. दोन्ही चौकोन सोडून मी मतपत्रिकेवर लिहिलं, 'विचार करून कळवतो.'

बाहेर आलो तेव्हा आप्पा काकांसमोर उभे होते. छाती पुढे, डोळे लाल, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "दादा, हो मारलं! धरलंय! काळजी सोड."

काकांचा चेहरा एखादी पाचर हळूहळू ठोकत न्यावी तसा फाटत गेला. तेवढ्यात चौकातला न्हावी धावत आला. 'हो'वाल्यांचं सगळं तोच बघायचा. बोलताना जोर लावायचा म्हणून त्याला सगळे जोरदार म्हणायचे. त्यानं आप्पांच्या पाठीवर थाप मारली.

"याला म्हणतात देश! घरात पलीकडची वहिनी असून माणूस हो मारतो! शिका जरा!"

आणखी दोघा-तिघांनी थापा मारल्या. प्रत्येक थापेसरशी आप्पांच्या सदऱ्यातून थोडा भुसा उडत होता. तेव्हा आप्पांना कळलं. त्यांनी काकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या चपलेचा अंगठा बघत होतो. तो तुटलेला नव्हता, तरी मी तो नीट तपासला.

आप्पांनी माझं नाव सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. सांगितलं असतं तर मी म्हणणार होतो, अहो गंमत केली. तेवढी सवड त्यांनी मला दिली नाही.

तीन दिवसांनी निकाल लागला. हो जिंकलं, अगदी थोडक्यात. जिंकलं म्हटल्यावर थोडक्यातलं कोणी बघत नाही. शाळेतली बाद मतं मोजताना माझं वाक्य अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं म्हणे, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकत्र हसले. त्या दिवशी देशात तेवढीच एकी झाली.

मग तो शब्द रस्त्यावर आला. काका दिसले की पोरंटोरं नव्हे, चांगले मिशा पिकलेले लोक पानाच्या टपरीवरून ओरडायचे, "हो का हो?" काकांनी शब्द टाकून दिला. जेवलात का विचारलं तर "जेवलो." घरी आहात का, तर "आहे." एकदा किराणावाल्यानं मुद्दाम विचारलं, "साखर एक किलो ना?" काका म्हणाले, "एक किलोपेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही."

काकूचं त्याहून वाईट. जन्मभर नवऱ्याला हाक मारायची ती 'अहो.' बाजारात तिनं मागून हाक मारली, "अहो, पिशवी राहिली!" तर टपरीवरून जोरदार न्हावी ओरडला, "बघा, बाईपण हो म्हणतेय!" आणि सगळी टपरी कोरसमध्ये, "अहोऽऽ!" त्यानंतर काकू काकांना हाकच मारेनाशी झाली. काही सांगायचं असलं की जवळ जाऊन बाही ओढायची. पन्नाशी ओलांडलेली बाई नवऱ्याची बाही ओढते, आणि नवरा इकडेतिकडे बघतो, कोणी पाहिलं का म्हणून.

यादीचा नियम असा निघाला. ज्यांचं नाव कमी झालं त्यांना निकालापासून तीस दिवस. नवऱ्याच्या रक्ताच्या नात्यातल्या दोघांनी सही करून हमीपत्र कचेरीत दिलं तर नाव परत. नवऱ्याची सही चालत नाही. नवरा पक्षपाती असू शकतो. काकांच्या रक्ताचे दोघंच. आप्पा आणि मी.

काका म्हणाले, "ज्यानं काढा म्हणून शिक्का मारला त्याच्या सहीवर ती इथे राहणार नाही."

आप्पा म्हणाले, "दादा, मी..." आणि माझ्याकडे बघून गप्प झाले.

मी त्या वेळी लोणच्याची फोड चोखत होतो. फार वेळ चोखली.

दहाव्या दिवशी जोरदार न्हावी एक ओंडका बैलगाडीवर घालून घेऊन आला. महिना पूर्ण होईल त्या दिवशी मैदानात सोहळा, त्याच्या मंचाच्या फळ्या. "आपल्या माणसालाच काम द्यायचं म्हटलं," तो आप्पांना म्हणाला. काकांकडे न बघता पुढे म्हणाला, "वरचा माणूस कोण ते तुमचं तुम्ही ठरवा."

काका ओंडक्याला फेरी मारून आले. टिचक्या मारून गाठी ऐकल्या. "लाकडानं काय केलंय," म्हणाले आणि सदरा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडक्यावर एक कागद होता, वर दगड. आप्पांनी सही केलेलं हमीपत्र. ओंडक्यावर चढताना काकांनी ते उचललं, वाचलं, आणि करवतीचं तेल पुसायला घेतलं. अगदी नीट पुसलं, दोन्ही बाजूंनी. मग तो बोळा खड्ड्यात टाकला. आप्पांनी तो उचलून खिशात ठेवला आणि मूठ धरली.

वरून 'हो' आलं नाही.

आप्पा थांबले. वाट पाहिली. "दादा?"

वरून फक्त करवत दोनदा हलली. ओढ, अशा अर्थानं. आप्पांनी ओढली. खालून त्यांनीही काही म्हटलं नाही. त्यांनाही तो शब्द आता तोंडात धरवत नव्हता. तीस वर्षं जे काम बोलत चाललं होतं ते मुकं चालायला लागलं. नुसता करवतीचा घासा, भुशाचा वास, आणि दोन म्हाताऱ्यांचे श्वास, एक वर, एक खाली, एकमेकांना चुकवत. पहिली फळी बरी निघाली. दुसरी मध्यावर भटकली आणि शेवटाला डावीकडे दोन बोटं उतरती झाली. काकांनी ती उचलून डोळ्यासमोर धरली आणि बाकीच्यांत ठेवून दिली. असली फळी त्यांनी पूर्वी चुलीत घातली असती.

रोज संध्याकाळी काकू मांडीवर करवत घेऊन दात लावायची. तिच्यासमोर मी बसायचो. ती कानस मारायची, एक डावा, एक उजवा, आणि मधूनच मान वर करून माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, उजेड बघतेय.

अठ्ठाविसाव्या दिवशी काकांचा हात घामानं निसटला. आधी असं झालं तर 'नाही' म्हणून ओरडायचे. त्या दिवशी तोंड उघडलं ते सवयीनं मिटलं. आप्पांनी जोर लावून ओढली, वर कोणी धरलेलंच नव्हतं, करवत सळकन खाली आली आणि तिची मूठ आप्पांच्या गळ्याजवळच्या हाडावर बसली. काठी मोडावी तसा आवाज आला. आप्पा भुशात बसले आणि म्हणाले, "काही झालं नाही." मग डावा हात उचलायला गेले तर तो उठेना.

दोन फळ्या बाकी होत्या. एकोणतिसाव्या दिवशी मी खड्ड्यात उतरलो.

खालून खरंच काही दिसत नाही. पहिल्या ओढीला भुसा डोळ्यांत गेला, दुसऱ्या ओढीला तोंडात. वर काका, त्यांच्या टाचा, भेगा पडलेल्या. मी डोळे मिटले. करवत वर गेली. आता ओढायची की नाही? वर धरलंय की सोडलंय? काही कळेना. हाताला घाम, मानेवर घाम, कालचं ते हाड कानात वाजतंय. चार ओढी कशातरी ओढल्या आणि मी ओरडलो, "काका, हो म्हणा! एकदा म्हणा! मला दिसत नाही!"

वरून करवत फक्त दोनदा हलली.

"काका, आप्पांनी हो मारलं ते माझ्यामुळे! त्यांनी विचारलं होतं, वहिनींना ठेवायचं तर कुठे मारू! मी लोकांना हसवायला म्हणालो, खड्ड्यात ओरडता तेच मारा! त्यांना वाटलं हो म्हणजे धरायचं!"

करवत वरच थांबली. मग वरून काकांचा आवाज आला, महिन्याभरात पहिल्यांदा कामाचा आवाज.

"नाही."

मी मूठ सोडली.

"वर ये."

वर आलो तेव्हा मला मार हवा होता. काकांचा हात मोठा आहे, एकात काम झालं असतं. त्यांनी माझी हनुवटी धरली, धोतराचं टोक ओठांनी ओलं केलं आणि माझ्या डोळ्यांतला भुसा काढला, आधी डावा, मग उजवा. "चोळू नकोस," म्हणाले. "आणि मला काय सांगतोस? जिनं तुला वाढवलं तिला सांग."

काकू ओट्यावर होती. मी सांगितलं. सगळं, लोणच्याच्या फोडीसकट. तिनं कानस खाली ठेवली नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच वेली. भाऊजी काय म्हणाले? हो मारलं, धरलंय. काढून टाकणारा माणूस धरलंय म्हणतो का? आणि तू चप्पल बघत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर तुला मार बसला असता." तिनं दातावर बोट फिरवलं. "म्हटलं, तू सांगशील. रोज बघत होते, आज सांगतो का."

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. काही आलं नाही.

काका आत आप्पांच्या खाटेपाशी गेले होते. हाडाला पट्टी बांधून आप्पा भिंतीला टेकले होते.

"धाकट्या, बोलला का नाहीस रे?"

"पोराचं हसं झालं असतं, दादा."

"आणि तुझं झालं ते?"

"मला सवय आहे खाली उभं राहायची."

काका खाटेच्या कडेला बसले. साडेपाच झाले होते. कचेरी पाचला बंद होते. उद्या तिसावा दिवस, सकाळी उठून जायचं ठरलं. बोळा झालेलं हमीपत्र काकूनं पाण्याचा हात लावून, तांब्या फिरवून सरळ केलं, आणि आप्पांच्या सहीखाली मी माझी सही केली.

सकाळी कचेरीला कुलूप होतं. सोहळ्यानिमित्त सुट्टी. दारावर कागद लावला होता.

सोहळा मैदानात होता, मंचावर, आमच्या फळ्यांवर. जोरदार न्हावी भाषणाला उभा राहिला तो नेमका भटकलेल्या फळीवर. तासभर तो देश सरळ रस्त्यानं निघाला आहे असं सांगत होता आणि स्वतः डावीकडे उतरत होता. मधूनमधून उजवा पाय उचलून मूळ जागी यायचा, आणि पुन्हा उतरायचा. मी हसलो नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद होता, आणि त्याच्या फळ्यांची दोरी मीच मारली होती.

एकतिसाव्या दिवशी आम्ही चौघं कचेरीत. आप्पांचा हात गळ्यात बांधलेला. खिडकीत नोंदणीच्या बाई होत्या. त्यांनी हमीपत्र बघितलं, तेलाचा डाग बघितला, तारीख बघितली.

"मुदत काल संपली."

"काल सुट्टी होती," मी म्हणालो.

"सुट्टी कचेरीला असते. मुदतीला नसते."

"मग परवा घेतलं असतंत?"

"परवा आला होतात का?"

परवा मी संध्याकाळपर्यंत गप्प होतो. त्याआधीचे अठ्ठावीस दिवसही. बाईंचा प्रश्न साधा होता, पण खिडकीपुढे मला उभं राहवेना.

तेवढ्यात काका पुढे झाले. टोपी काढून हातात घेतली, खिडकीच्या उंचीपर्यंत वाकले. ओंडक्यावर उभा राहणारा माणूस, कधी वाकलेला मी पाहिला नव्हता.

"ऐकून घ्या हो, बाई," ते म्हणाले. "जरा ऐकून घ्या हो."

महिनाभर सगळ्या गावानं टपून बसून जो शब्द त्यांच्या तोंडून काढला नव्हता तो असा पडला, दोनदा, भुईवर. काकूनं त्यांची बाही ओढली. बाईंनी खिडकी लावली नाही, वाईट बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काही चूक दुरुस्त करायची असेल तर अर्ज करा," आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी काकू कानस आणायला गेली. सकाळी तिनं करवतीचा दातन् दात लावला, तेलाचा हात फिरवला, आणि जुनी कानस उजेडात धरून म्हणाली, "ही झिजली. तिकडे चांगली मिलते. घेऊन येते." आम्ही सगळे म्हणालो, बरोबर आहे, झिजलीच आहे. होडीत अजून अकरा जण होते, त्यांना काय आणायचं होतं माहीत नाही. होडी सुटली तेव्हा ती उभी राहिली आणि महिन्याभरानं पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली, "अहो! खाली पोरगा असला की आवाज द्या!"

काठावर टपरीवालेही होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आता खड्ड्यात मी असतो. आप्पांचा हात खांद्याच्या वर जात नाही, ते दोरी धरतात. काका वरून आवाज देतात, पण 'हो' नाही. खाकरतात. मी ओढतो. दात बोथट झालेत. आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी अर्ज केला आहे, दर महिन्याला करतो. त्यात विनोद नाही. तो असा:

प्रति, मा. नोंदणी अधिकारी यांस. विषय: एक 'हो' परत मिळण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझ्या वडिलांनी दिलेले एक 'हो' हे 'धरले आहे' या अर्थाने दिलेले असून मोजणीत ते 'काढून टाका' या अर्थाने धरण्यात आले आहे. सदर चूक अर्जदाराची आहे. तसेच अर्जदाराने स्वतःच्या मतपत्रिकेवर 'विचार करून कळवतो' असे नमूद केले होते. त्यानुसार आता विचार पूर्ण झाला असून 'नाही' असे कळवीत आहे. तरी मेहेरबान साहेबांनी झालेल्या बेरजेतून सदर एक 'हो' वजा करून ते वापरलेल्या स्थितीत का होईना, मूळ जागी परत करावे. त्याची आमच्या घरी करवत ओढण्यासाठी व काकूस काकांना हाक मारण्यासाठी रोज गरज पडते. काकू कानस घेऊन येण्यापूर्वी ते मिळावे, ही नम्र विनंती.